वाजणारी फळी

जगन्नाथ मेस्त्रीचं काम कधी परत आलं नाही. शारजात सुतारकाम करणाऱ्या आमच्या लोकांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कपाट असो, किचन असो, ऑफिसचं पार्टिशन असो, त्याने एकदा ‘खलास’ म्हटलं की त्या वस्तूसाठी पुन्हा फोन यायचा नाही. इतरांना यायचे. दार घासतं, ड्रॉवर अडकतो, पलंग करकरतो. मी शटरिंगचा माणूस, स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू ठोकणारा, बारीक काम माझं नव्हे, मला तर फार यायचे.

आता तो कायमचा कणकवलीला जाणार होता. गुडघे साथ देत नव्हते. कुमुदवहिनी तिकडे एकट्या होत्या. इंडस्ट्रियल एरियातलं दुकान तो उझैरच्या हवाली करणार होता. उझैर पेशावरकडचा, जगन्नाथच्याच हाताखाली तयार झालेला, त्याला उस्ताद म्हणायचा. सगळं ठरलं होतं. जाण्याआधी एक शेवटचं काम करायचं आणि तेही परत येऊ द्यायचं नाही, एवढंच राहिलं होतं.

“मुरलीधर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही परत नाही,” तो मला म्हणाला. “मग मी विमानात झोपेन.”

“नाहीतर?”

“नाहीतर खिडकीतून खाली बघत बसेन.”

तो बढाईखोर माणूस नाही. दुसरं काही मिरवावं असं त्याने केलेलं नाही. आधी दुबईतल्या सोनापूरच्या मजूर कॅम्पमध्ये राहिला, मग शारजात आमच्या अल नहदा वस्तीच्या बाजूला एका खोलीत. गाडी घेतली नाही, इथे कुटुंब आणलं नाही. बाकीच्यांनी जे जे केलं ते त्याने केलं नाही. कामं तेवढी नीट केली.

शेवटचं काम शर्वाणीने आणलं. शर्वाणी आमच्याच टॉवरमधल्या संजयची मुलगी. संजयचं प्लायवूडचं दुकान आहे. मुलगी शारजातच वाढली, शिकली आणि इथल्या एका युनिव्हर्सिटीत कामाला लागली. तिथे आयरिश संस्कृतीचं केंद्र आहे, त्याची ती कोऑर्डिनेटर. हे केंद्र म्हणजे काय, हे संजयला सांगता येत नव्हतं. “तिकडे आयर्लंडचं गाणंबिणं असतं, पुस्तकं असतात, भाषा शिकवतात,” तो म्हणाला.

“इथे आयर्लंडचे लोक किती आहेत?” जगन्नाथने विचारलं.

“त्यांच्यासाठी नाही रे. सगळ्यांसाठी.”

“सगळ्यांना आयर्लंडचं काय करायचंय?”

संजयने खांदे उडवले. “पोरगी खूश आहे. मी विचारत नाही.”

काम साधं होतं. नाचासाठी लाकडी फळी. दहा फूट बाय आठ, तुकड्यांत सुटणारी, हॉलमध्ये मांडता यावी, उचलून ठेवता यावी. माप घ्यायला आम्ही दोघे गेलो. मी रिकामाच असतो. मुलाच्या, कुणालच्या व्हिसावर इथे राहतो, सून म्हणते बाबांनी आराम करावा. आराम करणं मला जमत नाही.

केंद्र पहिल्या मजल्यावर होतं. एक हॉल आणि दोन खोल्या. एका खोलीत भिंतभर पुस्तकं. दुसऱ्या खोलीत वर्ग चालला होता. दार उघडं होतं म्हणून दिसलं. फळ्याजवळ एक म्हातारा गोरा माणूस, समोर विद्यार्थी. डोक्यावर शेला घेतलेल्या दोन अरब मुली, एक केरळचा मुलगा, एक फिलिपिनो बाई. सगळे एकसाथ काहीतरी म्हणत होते. इंग्रजी नव्हतं.

“ही त्यांची भाषा,” शर्वाणी म्हणाली. “अंकल, अ‍ॅक्च्युअली त्यांच्या देशातसुद्धा थोडेच लोक रोज बोलतात. बाकीचे इंग्लिश. पण आता परत शिकतायत.”

“तिकडे शिकतात ते समजलं,” जगन्नाथ म्हणाला. “हा केरळचा कशाला शिकतो?”

“त्याला आवडते.”

“हिला?” त्याने फिलिपिनो बाईकडे बोट केलं.

“तिलाही.”

“तुला येते?”

“थोडी. पोएम्स वाचते.”

जगन्नाथने जरा विचार केला. “आणि मराठी कोण शिकवतं तुला?”

शर्वाणी हसली. “माझं मराठी काय वाईट आहे, अंकल? आपण मराठीतच बोलतोय ना?”

“बोलतोय खरं,” तो म्हणाला आणि टेप काढून हॉलकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ तेव्हा आला तो पुढे हटलाच नाही.

हॉलमध्ये त्याने शर्वाणीला नेमके प्रश्न विचारले. ते त्याच्या कामाचे होते. किती माणसं नाचणार? दोन, कधी चार. पायात काय? जड बूट, खाली टणक तळ. जगन्नाथ थांबला.

“लाकडावर बूट घालून नाचणार?”

“हो. तसंच असतं.”

“आपटणार?”

“बऱ्यापैकी.”

“फळी हलता कामा नये?”

“नाही. सेफ पाहिजे.”

त्याला पुरेसं झालं. त्याला दिसली ती आपटणारी माणसं, आणि खाली न हलणारं, न करकरणारं, दणका गिळून टाकणारं लाकूड. मलाही तेच दिसलं. कोणत्याही सुताराला तेच दिसलं असतं.

पुढे जे त्याने केलं ते मी बघितलं आहे, काही हातांनी केलं आहे, म्हणून सांगतो. खाली जवळजवळ पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या तळाला रबर. वर मरीन प्लाय, त्यावर जाड लोकरी फेल्टचा थर, त्यावर दुसरा प्लाय, दोन्ही गोंदाने चिकटवलेले आणि स्क्रूने आवळलेले. कडा इतक्या गुळगुळीत घासल्या की बोट फिरवलं तर जोड कळत नव्हता. उझैर म्हणाला, “उस्ताद, इसपे तो मैं सो जाऊँ.” जगन्नाथने वर उभं राहून सगळ्या अंगाने उडी मारली. काही ऐकू आलं नाही. दुसरी मारली. काही नाही. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. करकर नसलेलं लाकूड बनवणं फार अवघड आहे. ज्याने बनवलं नाही त्याला ते कळणार नाही.

आम्ही पिकअपमध्ये घालून तुकडे नेले. जिन्याने वर चढवले, लिफ्टमध्ये बसत नव्हते. हॉलमध्ये जोडले. कोपऱ्यात अहमद उभा राहून बघत होता. अहमद बिल्डिंगचा सुपरवायझर, इजिप्तचा, आमच्याशी हिंदी बोलतो, चांगला माणूस. “माशाल्ला,” तो म्हणाला, “एकदम टेबल जैसा.”

मग ओर्ला आली. ओर्ला म्हणजे नाच शिकवणारी बाई. चाळिशीची असेल, बारीक, केस आवळून बांधलेले, हातात कागदी कपात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा. तिला आमचा चहा आवडतो हे बघून जगन्नाथला बरं वाटलं. तिने कप खिडकीत ठेवला, पिशवीतून जड काळे बूट काढले, घातले आणि फळीवर चढली.

आता हा नाच मी पहिल्यांदा बघत होतो. वरचं अंग हलत नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ, मुठी मिटलेल्या. शटरिंगच्या टेकूसारखे ताठ. सगळं काम गुडघ्याखाली. पाय इतके जलद की एक उतरतो तेव्हा दुसरा कुठे असतो कळत नाही. आणि मेहनत अशी की थोड्या वेळात तिच्या मानेवर घाम आला. मी आयुष्यभर मेहनत बघितली आहे. ही खरी होती.

ती मध्येच थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली. कोपऱ्यात पॅकिंगची म्हणून आणलेली एक जुनी प्लायची शीट भिंतीला टेकवून ठेवली होती. ती तिने ओढली, दोन उरलेल्या पट्ट्यांवर आडवी टाकली आणि त्यावर नाचली.

हॉल वाजला. टाळ्या पडल्यासारखं, कोणीतरी लाकडी दारावर दोन्ही हातांनी ताल धरल्यासारखं. खिडकीतल्या कपातला चहा हलला.

ती उतरली आणि शर्वाणीशी इंग्रजीत हळू बोलली. मला अर्धं समजलं. शर्वाणीने जगन्नाथकडे बघितलं नाही, फळीकडे बघून बोलली.

“अंकल, ती म्हणते, इतकं सुंदर काम तिने इथे पाहिलेलं नाही. पण फ्लोअर... डेड आहे.”

“डेड म्हणजे?”

“आवाज येत नाही.”

“नाही येणार,” जगन्नाथ म्हणाला. “त्याच्यासाठीच तर केलं.”

“तिला आवाज पाहिजे.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पॅकिंगच्या शीटकडे बघितलं. ती बाजूने फाटलेली, एका कडेला सिमेंटचे डाग, आमच्या कोणाच्याही हिशेबी ती कचरा होती.

“पोरी, नीट विचार,” तो अखेर म्हणाला. “माझ्याकडे लोक येतात ते आवाज घालवायला. पलंग वाजतो, दार वाजतं. वाजतं म्हणजे कुठेतरी चूक आहे. हिला चूक पाहिजे?”

शर्वाणीने विचारलं. ओर्ला गंभीरपणे ऐकत होती, हसली नाही. मग तिने सांगितलं ते शर्वाणीने असं सांगितलं: तिकडे गाण्याबरोबर तबला नसतो. पाय हाच तबला. फळी म्हणजे तबल्याचं कातडं. पूर्वी घरात जागा नसली की लोक दरवाजा बिजागऱ्यांतून काढून जमिनीवर ठेवायचे आणि त्यावर नाचायचे, कारण घरातलं सगळ्यात चांगलं वाजणारं लाकूड तेच असायचं.

“दरवाजा काढायचे?” जगन्नाथ म्हणाला. “आणि बूट घालून त्यावर नाचायचे?”

“हो.”

“मग परत बसवायचं कोण?”

याचं मात्र कोणी भाषांतर केलं नाही.

परतताना गाडीत मी विचारलं. “आलं म्हणायचं का परत?”

“मी खलास म्हटलं होतं का?”

“नाही.”

“मग नाही आलं. ताब्यात दिलं नाही तोवर परत येत नाही.” तो खिडकीबाहेर बघत होता. दुबईकडून येणारी वाहनं अल नहदाच्या सिग्नलला नेहमीसारखी अडकली होती. “पण मुरलीधर, मला सांग, वाजणारं लाकूड चांगलं कधीपासून झालं?”

सिग्नल सुटला.

पुढचे काही दिवस तो रोज संध्याकाळी तिथे गेला. हे काम दुकानात होणारं नव्हतं, कारण दुकानात ओर्ला नव्हती. त्याने गोंद लावलेला वरचा प्लाय उकलला. स्वतः चिकटवलेलं स्वतः उकलणं काय असतं ते सांगत नाही. फेल्ट काढलं, रबर काढलं. पट्ट्यांमधलं अंतर वाढवलं, आत पोकळी ठेवली. वरची शीट फक्त कडांना बसवली. मग ओर्ला वर चढून एकच पाय आपटायची.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा जगन्नाथ म्हणाला, “आला.”

ओर्लाने मान हलवली. हा नको. हा करकरल्याचा आहे.

त्याने एक पाचर मारली. ती पुन्हा आपटली. हा नको. हा बधिर.

“बाई, दोन्ही आवाजच आहेत,” तो मराठीतच म्हणाला.

ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली, आपटलं, बोट वर केलं. हा.

त्याने गुडघ्यावर बसून लाकडाला कान लावला. ती त्याच्या कानापासून हातभर अंतरावर पाय आपटत होती. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “ह्या आवाजात आणि मघाच्या आवाजात फरक काय?”

“मला दोन्ही सारखे.”

“मला मघाचा बरा वाटला.”

“मघाचा तिला नको होता.”

“तेच तर,” तो म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

असं चाललं. ज्या माणसाला स्क्रूच्या एका फेऱ्याचा फरक कळतो, त्याला इथे काहीच कळत नव्हतं. तो आंधळ्यासारखं काम करत होता आणि ती सांगेल तिथे हात घालत होती. त्याने तिला एकदाही उलट विचारलं नाही. मी असतो तर विचारलं असतं. एकदा ती दमून फळीच्या कडेला बसली, पाय दाबत. जगन्नाथ दुसऱ्या कडेला बसून आपले गुडघे दाबत होता. उझैर चहा घेऊन आला. तो दोघांकडे बघून म्हणाला, “उस्ताद, दोनों का सर्विसिंग करवाना पड़ेगा.” ओर्लाला हिंदी येत नाही, पण ती हसली.

शेवटी एका संध्याकाळी तिने सगळी फळी पायाने चालून बघितली, एकही कोपरा न सोडता. मग नाचली. तोच आवाज जो त्या फाटक्या शीटवर आला होता, पण जास्त भरलेला. ती थांबली आणि जगन्नाथला काहीतरी म्हणाली. शर्वाणीने सांगण्याआधी त्याला समजलं असावं, कारण त्याने हत्यारं पिशवीत टाकायला सुरुवात केली.

“खलास,” तो म्हणाला. पण नेहमीसारखं नाही. विचारल्यासारखं.

शनिवारी कार्यक्रम होता. शर्वाणीने आम्हाला बोलावलं. जगन्नाथने इस्त्रीचा शर्ट घातला. संजय वाटेत म्हणाला, “आयरिश लोकांचा कार्यक्रम आणि शारजात. पिणार काय?” शारजात दारू मिळत नाही. तिथे मोठ्या थर्मासमध्ये चहा होता आणि सगळे तोच पीत होते, काहीजण तिसऱ्यांदा.

आम्ही समजलो होतो की समोर स्टेज असेल, पाहुणे असतील, दिवा लावतील, हार घालतील. तसं काही नव्हतं. वाजवणारे लोक खुर्च्या गोल लावून एकमेकांकडे तोंड करून बसले होते. व्हायोलिन, बासरी, एक छोटी पेटीसारखी गोष्ट. अर्ध्या लोकांची पाठ आमच्याकडे. सुरू कधी झालं कळलं नाही. एकाने वाजवायला घेतलं, बाकीचे मागून शिरले.

“चालू झालं का ट्यून करतायत?” संजयने विचारलं.

“चालू आहे, पप्पा. गप्प बसा.”

मग एक वयस्क बाई उठली. साथ नाही, माइक नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि गायला लागली. जगन्नाथ खुर्चीत पुढे सरकला.

“बाई घाबरली का?” त्याने कुजबुजून विचारलं.

“नाही, अंकल. काही लोक असेच गातात. गाणं दाखवायचं नसतं.”

थोड्या वेळाने शेजारच्या एका माणसाने उठून तिचा हात हातात घेतला आणि गाण्याबरोबर तो हळूहळू गोल फिरवू लागला, रहाट फिरवावा तसा.

“चक्कर आली तिला,” जगन्नाथ अर्धा उठला.

शर्वाणीने त्याच्या शर्टाला धरून खाली बसवलं. “ते सपोर्ट करतायत. गाणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून. ओल्ड कस्टम आहे.”

गाणं लांब होतं. एक शब्द समजत नव्हता. मला वाटतं कोणाला तरी समुद्रात गमावल्याचं असावं, पण ते मी मनाने म्हणतो. शेवटची ओळ तिने गायलीच नाही. नुसती बोलली. भाजीवाल्याला भाव विचारावा तशा आवाजात. आणि बसली.

“बंद पडलं की संपलं?” संजय म्हणाला.

“संपलं.”

“मग शेवटचं का नाही गायलं?”

“म्हणजे लोकांना कळावं की आता परत घरी आलो,” शर्वाणी म्हणाली, आणि लगेच, “मला असं वाटतं. मी पण शुअर नाही.”

एका अरब मुलीने कविता वाचली, त्या भाषेत. तिचे आईवडील पुढे बसून मोबाइलवर घेत होते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. का, ते सांगता येणार नाही. पोरीने पाठ केलं होतं, मान डोलावत, एकही शब्द न अडखळता, हे दिसत होतं. मेहनत दिसली की मी टाळ्या वाजवतो.

मग ओर्ला फळीवर आली. गोलात बसलेले सरकले. तिने पहिला पाय ठेवला आणि मी जगन्नाथकडे बघितलं. तो नाच बघत नव्हता. तो तिच्या बुटाखालच्या जागेकडे बघत होता, एका जोडाकडून दुसऱ्या जोडाकडे. फळी वाजत होती, सगळा हॉल वाजत होता, लोक पायांनी ताल धरत होते, आणि हा माणूस ओठ घट्ट मिटून बसला होता. आपलं काम इतकं वाजतंय आणि कोणी तक्रार करत नाही, हे त्याला झेपत नव्हतं.

नाच संपल्यावर ओर्लाने फळीकडे हात करून त्याचं नाव घेतलं. लोकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. तो उभा राहिला, नमस्कार केला, बसला.

“आता झोपशील विमानात,” मी म्हणालो.

“बघू,” तो म्हणाला.

फोन मंगळवारी आला. अहमदचा.

“मेस्त्री, वो लकड़ी का काम... प्रॉब्लेम है.”

मी शेजारीच होतो. जगन्नाथचा चेहरा मी बघितला. असा फोन इतर सगळ्यांना आला होता. त्याला कधी आला नव्हता.

आम्ही गेलो. अडचण अशी होती की हॉलच्या खाली तळमजल्यावर परीक्षांची खोली होती. सोमवारी वर नाचाचा वर्ग, खाली पेपर. एका प्रोफेसरने लेखी तक्रार केली होती. अहमदला ती निस्तरायची होती. तो वाईट बोलला नाही. “मेस्त्री, पहले वाला बहोत अच्छा था. टेबल जैसा. वैसा कर दो. रबर लगा दो नीचे. यल्ला, छोटा काम.”

छोटंच काम होतं. रबर आणि फेल्ट उझैरने फेकलं नव्हतं, पिकअपमध्येच मागे पडलं होतं. जगन्नाथने मनात आणलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत फळी पुन्हा मुकी झाली असती. अहमद खूश, प्रोफेसर खूश, तक्रार मिटली. मग काम परत आलं असं कोणी म्हटलं नसतं. दुरुस्त झालेलं काम आमच्यात परत आलेलं धरत नाहीत. आणि दोन दिवसांनी त्याचं विमान होतं.

ओर्ला दारात उभी होती. ती काही बोलली नाही. शर्वाणी तिच्या शेजारी. “अंकल, तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “मी नाचाची वेळ बदलून घ्यायचा ट्राय करतेय, पण प्रॉमिस नाही करू शकत. फॅसिलिटीजवाले ऐकत नाहीत.”

जगन्नाथ फळीपाशी गेला. चपला बाजूला काढल्या. गुडघ्यावर बसायला त्याला वेळ लागला. मी पिकअपमधलं रबर आणायला जिन्याकडे निघालो होतो. त्याने हात वर केला. थांब.

त्याने बोटांच्या मागच्या बाजूने फळी ठोकत ठोकत सगळीकडून ऐकली. एका कोपऱ्यात थांबला. पुन्हा ठोकलं. तिथला स्क्रू शनिवारच्या नाचाने थोडा ढिला झाला होता, आवाज जरा फुटत होता. तो मला कळला नाही, त्याला कळला. त्याने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, तो स्क्रू आवळला, पुन्हा ठोकलं आणि उठला. पुन्हा वेळ लागला.

“हो गया?” अहमदने विचारलं.

“हो गया.”

अहमदने बुटाचा पाय आपटून बघितला. टॉक. आधीपेक्षा स्वच्छ. त्याने परत आपटला. टॉक.

“मेस्त्री, ये तो ज्यादा हो गया.”

“हां,” जगन्नाथ म्हणाला. “अभी बराबर है.”

“रबर?”

“रबर नहीं लगेगा. ये ऐसा ही है.”

अहमदने दोन्ही हात वर केले. “हबीबी, कंप्लेंट है ना. मैं ऊपर क्या बोलूँ?”

“बोलो काम रिटर्न आया. मेस्त्री ने नहीं सुधारा.” त्याने चपला घातल्या. “मेरा नाम बोलो. जगन्नाथ.”

शर्वाणी मध्ये पडली. “अंकल, असं रिटर्न नाही म्हणत. ही टायमिंगची कंप्लेंट आहे, कामाची नाही.”

“फोन आला की परत आलं,” तो तिला म्हणाला. “नियम माझाच आहे. मीच मोडू का?”

ओर्ला पुढे आली आणि तिने त्याचा हात धरला. हातात हात घेऊन नुसती उभी राहिली. तो गोंधळून माझ्याकडे बघत होता. फिरवते की काय, असं त्याला वाटलं असावं.

आम्ही खाली आलो. उझैरने गाडी काढली. रबराचे तुकडे मागे इकडून तिकडे घसरत होते.

“लावलं असतं तर काय बिघडलं असतं?” मी विचारलं. “तुझं नाव राहिलं असतं.”

“राहिलं असतं.”

“मग?”

“मला नाही सांगता येत, मुरलीधर,” तो म्हणाला. “ती बाई ‘रबर नको’ म्हणाली असती तर लावलं असतं. ती काही बोललीच नाही.”

हे उत्तर झालं का, मला कळलं नाही. मी त्याला तीस वर्षं ओळखतो आणि त्या गाडीत तो मला अनोळखी वाटला. ज्या एका गोष्टीसाठी तो इतकी वर्षं वाकला ती त्याने एका स्क्रूने सोडून दिली, आणि तीही ज्या कारणासाठी, ते कारण त्याला स्वतःला धड सांगताही येत नव्हतं.

शर्वाणीने आठवडाभर खटपट करून वर्ग शनिवारी हलवला. शनिवारी खाली कोणी नसतं. पण तोवर जगन्नाथ गेला होता. तक्रार त्याच्या नावावर तशीच राहिली. उझैर आता दुकानात येणाऱ्यांना स्वतःच सांगतो, उस्ताद का एक काम वापस आया था. हे तो अभिमानाने सांगतो की सावध करायला, तेही मला नीट समजत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या घरी जेवायला आला होता. तिथूनच त्याने कुमुदवहिनींना फोन लावला, स्पीकरवर. त्या घाईत होत्या.

“शेवटचं काम झालं का?”

“झालं. परत आलं.”

“तुमचं?”

“माझंच.”

“मग दुरुस्त करून या. तसंच टाकून येऊ नका.”

“दुरुस्तच आहे.”

“दुरुस्त आहे तर परत कशाला आलं?”

“वाजतं म्हणून.”

“अहो, वाजतं तर दुरुस्त कसं?”

जगन्नाथने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“आल्यावर सांगतो,” तो म्हणाला.

“सांगू नका काही,” वहिनी म्हणाल्या. “इथे माजघराचं दार दोन वर्षं करकरतंय. आल्या आल्या ते बघा. आणि ते वाजूच दे असं मला ऐकवू नका.”